खार हलली

फोटोतली खार हलली होती. नुसती हलली नव्हती, पार पुसली गेली होती. डोकं कुठलं, शेपूट कुठलं काही कळत नव्हतं. दगडावरून कुणी ओल्या राखेचा हात फिरवावा तसा एक करडा फराटा तेवढा उरला होता. असले वाया गेलेले फोटो अलकनंदा रोज पुसून टाकायची. आजही तिने बोट बटणापर्यंत नेलं आणि ते तिथंच राहिलं. खारीच्या मागची खिडकी लख्ख आली होती. गजांवरचा गंज दिसत होता, गजाला बांधलेली पडद्याची सुतळी दिसत होती, आणि गजांच्या आत, सासूच्या खाटेवर, एक हात दिसत होता. बोटं पसरलेली, मनगटावर घड्याळाचा तपकिरी पट्टा. पट्टा ओळखायला चित्र मोठं करायची गरज नव्हती. तरी तिने भिंगाच्या खुणेवर टिचकी मारली, पुन्हा मारली. चित्र चौकोनाचौकोनांत फुटत गेलं. सासूचा चेहरा उशीकडे वळला नव्हता, वळवला गेला होता. गालाचं कातडं हाडावरून एका बाजूला सरकलं होतं, चादर ओढल्यावर सरकावी तसं. तोंड मात्र घट्ट मिटलेलं. कडेला स्टीलचं ताट, ताटात कालवलेला भात.

कॅमेरा मुलाने दिला होता. क्षितिज मद्रासबाहेर सिरुसेरीच्या एका कंपनीत होता, तिथून त्याची बदली अमेरिकेत झाली, आणि जाताना तो आपला जुना संगणक आणि नवा कॅमेरा आईच्या गळ्यात घालून गेला. "बटण आधी अर्धंच दाबायचं," त्याने परसात उभं राहून शिकवलं होतं, "हिरवी चौकट खारीवर बसू दे, मग पूर्ण दाब. खार पळाली तर चौकट मागे जाऊन बसते आणि मग मागचंच काहीतरी स्पष्ट येतं. सगळे नवशिके हेच करतात." ती हसली होती. बासष्टाव्या वर्षी नवशिकी व्हायला तिला बरं वाटलं होतं. मद्रासच्याच कोरट्टूर भागातल्या या घरात तिला येत नाही असं काही उरलंच नव्हतं. सांबार येत होतं, दळणाच्या दगडाला टाकी लावणं येत होतं, सासूला कुशीवर वळवून पाठीवरच्या जखमेला पावडर लावणं येत होतं. खारी तेवढ्या येत नव्हत्या. परसात विहीर, एक नारळ, एक पेरू, कुंपणाच्या भिंतीवर एक खोलगट काळा दगड; त्या दगडावर ती शेंगदाणे ठेवायची आणि पेरूखाली स्टुलावर बसायची. खार आली की छातीत धडधडायचं. खार दगडावर दोन्ही हात जोडून दाणा धरायची, दाणा गरगर फिरवायची, आणि अलकनंदाचं बोट बटणावर पोचायच्या आत भिंतीपलीकडे गेलेली असायची. महिनाभर तिच्याजवळ नुसत्या शेपट्या जमल्या होत्या.

आणि हे सुचवलं कुणी, तर व्यासराजनेच. तिच्या नवऱ्याने. बंदराच्या कचेरीतून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. एक दिवस सासूने भरवताना तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला, आणि ती स्वयंपाकघरात नळाखाली बोट धरून रडत उभी राहिली, तेव्हा तो मागे येऊन म्हणाला, "अगं, किती वर्षं तूच करायचं? माझी आई आहे. दुपारचं मी भरवतो. तू जरा बाहेर बस. ते खारींचं काय ते कर." इतकं गोड तो लग्नानंतर क्वचितच बोलला होता. तेव्हापासून दुपारी तो ताट घेऊन आत जायचा आणि ती कॅमेरा घेऊन बाहेर. आत पंख्याची घरघर, बाहेर धुण्याच्या दगडावर कामवाली सेल्वी कपडे आपटायची. धप्, धप्. आता पडद्यावरच्या त्या हाताकडे बघताना अलकनंदाला एकदम कळलं, की सगळे आवाज सेल्वीचे नव्हते. सेल्वी बादली भरायला थांबलेली असताना आलेले आवाजही तिने ऐकले होते. ऐकून सेल्वीच्या नावावर टाकले होते.

तिला धक्का बसायला हवा होता. आपण किंचाळू, निदान तोंडावर हात तरी जाईल, म्हणून ती वाट बघत बसली. तसं काही झालं नाही. उलट पोटात कुणी हळूहळू कोमट दूध ओतावं तसं काहीतरी पसरत गेलं, गुडघ्यांपर्यंत. ते काय आहे हे तिला लगेच ओळखू आलं नाही, कारण ते इतक्या उशिरा आलं होतं. बार्शीहून ती या घरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मराठी माणसं आहेत, तंजावरकडची, घराणं चांगलं आहे, एवढ्यावर वडिलांनी मद्रासला मुलगी दिली. भाषा आपलीच म्हणाले. आणि अन्नपूर्णाबाईने, सासूने, पहिल्या सकाळी जे काही सांगितलं त्यातलं तिला निम्मं कळलं नव्हतं. शब्द मराठी, चाल तमिळ, आणि मधूनमधून आजोबांच्या पोथीतून उठून आल्यासारखी क्रियापदं. कळलं नाही म्हणून ती हसली. हसली म्हणून ओल्या पंच्याचा पीळ पाठीवर बसला. पुढे पंचा कळला, भाषा कळली. पंचा सुकलेला असला तर आवाज जास्त होतो आणि ओला असला तर वळ राहतो, हेही कळलं. आणि एक पळी. या घरात कावळ्यांना काक्का म्हणत, आणि भिंतीवरच्या त्या काळ्या दगडावर काक्कांना तूप-भाताचा घास ठेवून, 'का, का' अशी हाक मारून, त्यांनी चोच लावल्याखेरीज घरात कुणी शीत चाखायचं नाही. कावळे म्हणजे गेलेली माणसं; ती आधी, जिती मागून. अलकनंदाने वरणाचं मीठ बघायला थेंबभर तळहातावर घेतलं होतं. अन्नपूर्णाबाईने चुलीतून पळी उचलली आणि त्याच मनगटावर टेकवली. टेकवून धरली, इस्त्री धरावी तशी. "माझ्या सासऱ्याच्या आधीं जेवतेस, भाकरखाऊ?" कातडं पळीला चिकटलं. आणि तेव्हा व्यासराज कुठं होता? तो विहिरीवर होता. आईचा आवाज चढला की तो उठायचा, परसात जायचा आणि पाणी काढायला लागायचा. हौद भरलेला असला तरी काढायचा. घागर खाली जायची, धप्, वर यायची, भरलेल्या हौदात ओतली जायची. आतलं संपेपर्यंत त्याचं पाणी संपायचं नाही. मग तो ओल्या हातांनी आत यायचा आणि विचारायचा, "जेवायचं का?"

दुपारी जेवताना तिने त्याच्याकडे बघितलं. तो रसमचा भुरका मारत होता. मिशीला कोथिंबिरीचं पान लागलं होतं.

"आज मिळाली का खार?" त्याने विचारलं.

"हलली."

"हलणारच. जिवंत आहे ती. तू आपली एखादी मेलेली बघ, छान स्थिर येईल." स्वतःच्याच विनोदावर तो हसला. मग म्हणाला, "सेल उतरलेत का? संध्याकाळी स्टेशनकडे जातोय, आणतो."

"आणा. अम्मांनी खाल्लं?"

"चार घास गेले." त्याने पान मिशीवरून काढलं, बघितलं, ताटाच्या कडेला ठेवलं. "त्रास देते गं फार. पण जातात चार घास."

त्याचा आवाज थकलेला होता, खोटा नव्हता. तीच गोष्ट तिला चमत्कारिक वाटली. या माणसाने आयुष्यात मुंगीवर पाय दिला नव्हता. मुलाला कधी मारलं नव्हतं, तिला तर नाहीच. त्याच्या हातात हे होतं तर इतकी वर्षं ते कुठं ठेवलेलं होतं?

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर बसली ती जागा बदलून. थोडी डावीकडे. तिथून दगड दिसत होता आणि दगडाच्या रेषेत खिडकी. खार आली, दाणा उचलला, मागच्या पायांवर उभी राहिली. इतकी छान उभी राहिली की कालपर्यंत अलकनंदाने त्यासाठी जीव टाकला असता. हिरवी चौकट खारीवर बसली. तिने कॅमेरा किंचित वर उचलला. चौकट थरथरली, खार सोडून मागे गेली आणि खिडकीवर बसली. व्यासराज एका हाताने आईचे जबडे दाबत होता, जसे आपण लिंबू दाबतो तसे. दुसरा हात वर गेला. तिने श्वास धरला. बटण दाबायची नेमकी वेळ कुठली, हे क्षितिजने सांगून समजलं नव्हतं, ते इथं समजायला लागलं. हात वर असताना दाबायचं नाही; हात वरून निघतो, खांदा आधी पडतो, खांदा पडला की दाबायचं. मग बोटं गालावर पोचताना मिळतात. तिचा हात आता हलत नव्हता. रात्रंदिवस दुखणारं मनगट दगडासारखं झालं होतं. आणि जितकी ती खिडकीकडे बघायला शिकली तितके तिचे खारींचे फोटोही चांगले यायला लागले, हे कसं ते तिला कळेना. पाठीवरचे पट्टे, कानातले केस, डोळ्यात उतरलेलं सगळं परस. तिने क्षितिजला पाठवले. त्याचा फोन आला, "आई, तू तर एकदम कलाकार झालीस! केवढा पेशन्स गं तुझा!" ती म्हणाली, "हो रे, बसून राहायचं नुसतं. आपण काही करायचं नाही. सगळं समोर आपोआप होतं."

परसातही जे होत होतं ते गोड नव्हतं. लांबून खार म्हणजे कापसाची बाहुली. भिंगातून तसं दिसत नाही. दोन नर पेरूच्या बुंध्यावर एकमेकांना भिडले तेव्हा एकाने दुसऱ्याचा कान मुळापासून तोडला, आणि तुटका कान तोंडात धरून जिंकलेला खोडाला उलटा लटकून चिरकत राहिला. हरलेला दगडावर आला, रक्ताळल्या डोक्याने दाणे खाऊ लागला. दाणा लाल झाला. तोही त्याने खाल्ला. एका मादीने नारळाच्या शेंडीत घरटं केलं होतं, सेल्वीच्या फडक्यांच्या चिंध्या आणि काथ्या नेऊन. अलकनंदा तिचे खरे फोटो काढायची, खिडकीचे नव्हे. दिवस भरलेल्या पोटाची ती बया दगडाजवळ कुणाला फिरकू देत नसे. "खारीला दाणे, आणि मी इथं मरमर मरते तर मला चहासुद्धा मागून घ्यावा लागतो," सेल्वी तमिळमध्ये करवादली. मग पिळलेला परकर झटकत म्हातारीविषयी म्हणाली, "पाट्टी फार वाळली हो. काल पुसायला वळवलं तर हातात काड्या आल्या. आणि गालाला काय झालंय? डास?"

"हं."

"मोठा डास आहे," सेल्वी म्हणाली, आणि परकर दोरीवर टाकून पाठ फिरवली.

मग एका दुपारी पंखा बंद पडला. वीज गेली होती. सगळ्या गल्लीचे पंखे, टीव्ही, मिक्सर एकदम गप्प झाले, आणि त्या रिकाम्या शांततेत आतलं सगळं शब्दन् शब्द बाहेर आलं.

"आ कर. आ कर गं. अम्मा, बघ, वरण आहे, तुझ्या आवडीचं. आ."

"काक्का." सासूचा आवाज. दातांमागून.

"काय काक्का? कावळा उडून गेला. आ कर."

"काक्का जेवले नाहींत. जेवल्यावांचून कसें रे."

"रोज तेच! रोज तेच! वेड लागलंय तुला, दुसरं काय..." आणि धप्.

अलकनंदाच्या हातात खडा होता. भिंतीवर कावळा आला की मारायला ती खडे घेऊनच बसायची, कारण कावळे आले की खारी येत नाहीत. खारींसाठी म्हणून तिनेच दगडावर भात ठेवणं बंद केलं होतं, कॅमेरा आला त्या आठवड्यात. विचारणारं कुणी उरलं नव्हतं. म्हातारीला दिवसवार कळत नव्हते, मुलाचं नाव आठवत नव्हतं. व्यासराजला तर घरात कावळ्यांना घास कोण ठेवतं, कधी ठेवतं, हे कधी माहीतच नव्हतं. त्याच्यासमोर ताट यायचं ते सगळं होऊन यायचं. पण खाट खिडकीशी होती. डोक्यातलं सगळं वाहून गेलं, नवरा गेला, गाव गेलं, लग्न गेलं, हातातल्या पळ्यासुद्धा गेल्या असतील, आणि तळाला हा एक दगड राहिला. म्हातारी गजांतून भिंतीकडे बघत होती. कावळा बसत नव्हता. कावळा जेवल्याशिवाय तिने नव्वद वर्षांत तोंड उघडलं नव्हतं, ते आता कुणाच्या मारानं उघडणार होतं? ती हट्ट करत नव्हती, वेडही नव्हतं. ती वाट बघत होती.

म्हणजे चिमूटभर भात. तूप लावून भिंतीवर ठेवायचा, दोन हाका मारायच्या, आणि हे सगळं थांबेल. अलकनंदाला हे इतकं स्वच्छ कळलं की तिने खडा खाली ठेवला. मग थोड्या वेळाने परत उचलला. कारण नारळावरच्या मादीला पिल्लं झाली होती आणि त्यातलं एक खाली यायला लागलं होतं. बोटाएवढं, डोकं अंगापेक्षा मोठं. त्याला अजून भीती शिकायची होती. परवा ते अलकनंदाच्या पावलावरून चालत गेलं आणि दगडाच्या खोलगटात बसून दाण्यांत झोपलं. अशात कावळ्यांना हाक मारायची? तिने स्वतःला हे सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त सांगताना पोटातलं ते कोमट दूध हललं, आणि आपण कुणासाठी थांबलोय ते तिला नीट कळलं. थोडे दिवस, ती म्हणाली. पिल्लू मोठं होऊ दे.

ते थोडे दिवस तिने कसे काढले! सकाळी ती सासूचं अंग पुसायची तेव्हा बरगड्यांच्या मधल्या खळग्यांत पाणी साचायचं. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, वय झालंय, अन्न जात नाही, नाकातून नळी घालावी लागेल, आठवडाभर बघा. व्यासराज त्यांच्यासमोर लहान मुलासारखा उभा होता. "मी रोज प्रयत्न करतो हो, डॉक्टर. हरतऱ्हेने करतो." नळीच्या नावानं त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याचा बाप नळ्या लावूनच गेला होता. आईला नळी लागू नये म्हणून तो मारत होता. हेही अलकनंदाला कळलं. सगळं तिलाच कळत होतं, भिंगातून कळावं तसं, कडा सुटून, जवळून. आणि ती शेंगदाणे भाजून, सोलून, वाटीत घेऊन परसात जात होती.

शुक्रवारी पिल्लू दगडावर होतं. ऊन तिरपं होतं आणि त्याच्या कानांतून आरपार जात होतं, दोन गुलाबी पाकळ्या पेटल्यासारख्या. तिने चौकट खिडकीवर नेली. व्यासराजने ताट बाजूला ठेवलं होतं. आज तो बोलत नव्हता, विनवत नव्हता. त्याने चमचा उलटा धरला होता, दांडा पुढे, आणि तो दांडा आईच्या मिटल्या ओठांत घालून दार उचकटावं तसं उचकटत होता. म्हातारीचा एक हात वर आला, हवेत चाचपडला, त्याच्या शर्टाच्या खिशाला लागला. त्याने तो झटकला आणि मूठ वळली. तळहात नव्हे, मूठ. खांदा पडला. अलकनंदाने बटण दाबलं. सवयीने दाबलं, वेळेवर दाबलं. छोट्या पडद्यावर म्हातारीचा ओठ फाटलेला, हनुवटीवरून खाली उतरलेली लाल रेष, आणि पांढऱ्या उशीवर भाताच्या शितांमध्ये पडलेलं आणखी एक पिवळं शीत. तो दात होता.

तो बाहेर आला. विहिरीजवळच्या नळावर हात धुतले, बोटांच्या सांध्यांकडे बघितलं, पुन्हा धुतले. मग मान वर केली. ती स्टुलावर तशीच होती, कॅमेरा डोळ्याला, आणि कॅमेऱ्याचं लांब नाक खिडकीकडे. त्याने तिच्याकडे बघितलं, मग दगडाकडे, मग दगडावरून खिडकीकडे.

"काय काढतेयस?"

"खार."

"खार खाली आहे." तो जवळ आला. "दाखव."

ती उठली. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात होता. त्याने कॅमेराच धरला आणि ओढला. पट्टा मानेमागून कातड्यात रुतला, ती पुढे कोलमडली, स्टूल उलटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो असा तिच्या अंगावर आला होता आणि त्याच्या तोंडाला नुकत्याच चघळलेल्या लवंगेचा वास होता. तो अंगठ्याने एकेक चित्र मागे नेत होता. प्रत्येक टिचकीसरशी पट्टा थोडा आवळला जात होता. खिडकी. खिडकी. खार. खिडकी. त्याचा अंगठा मधेच थांबला, मग भरभर चालायला लागला.

"किती दिवस?" तो म्हणाला. मोठ्याने नाही. "तू किती दिवस बघतेयस?"

तिला श्वास घेता येत नव्हता.

"मला वाटलं कुणी बघत नाही. म्हणून मी..." त्याने पट्ट्याला हिसका दिला. "एकदा आत यायचंस! नुसतं दारात येऊन उभी राहिली असतीस तरी माझा हात खाली आला असता. एकदा! तू फोटो काढत बसलीस?"

"तुम्ही पाणी काढत होता," ती म्हणाली.

आवाज घोगरा आला. त्याला आधी कळलंच नाही. तिने मनगट वर केलं, पळीचा डाग वर आला, आणि तिने मनगट विहिरीकडे दाखवलं. मग त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीही झालं नाही, फक्त बोटं सुटली. कॅमेरा तिच्या छातीवर आपटला. तो मागे सरकला, धुण्याच्या ओल्या दगडावर बसला, धोतर भिजलं तरी बसून राहिला, आणि तळहात उताणे करून मांडीवर ठेवले, कुणी त्यांत काही द्यावं म्हणून ठेवतात तसे.

अलकनंदा स्वयंपाकघरात गेली. मानेतून रक्ताचा ओघळ ब्लाउजमध्ये उतरत होता. तिने भात काढला, तूप घातलं, घास वळला. परत आली तेव्हा पिल्लू दगडाच्या खोलगटातच होतं, दाणा दोन्ही हातांत धरून. तिला बघून ते पळालं नाही. तिनेच त्याला तसं केलं होतं. तिने हाताने ढकललं, ते तिच्या करंगळीला बिलगलं आणि परत दाण्यांकडे गेलं. खिडकीत, गजांमागे, रक्ताळलेल्या हनुवटीचं तोंड भिंतीकडे लागलं होतं. अलकनंदाने भात दगडाच्या कडेला ठेवला आणि गळा दुखत असताना हाक मारली. का. का. इतके महिने खडे खाऊनही ते विसरले नव्हते. पहिला नारळावर बसला, दुसरा तारेवर, मग भिंतीवर चार-पाच, तिरके तिरके सरकत. त्यांनी भाताकडे बघितलं नाही. पहिल्याने पिल्लाचं शेपूट धरलं आणि उचलून दगडावर आपटली. पिल्लू ओरडलं, एवढ्याशा अंगातून एवढा आवाज येतो हे तिला माहीत नव्हतं. नारळावरून आई खाली कोसळत आली, कावळ्याच्या पाठीवर पडली, फेकली गेली, परत आली. अलकनंदाचा हात आपोआप खड्यांकडे गेला. एक खडा पुरला असता. पण खडा मारला असता तर सगळेच उडाले असते, आणि आत ती दोन डोळे लावून बसली होती. तिने मूठ उघडली नाही. दुसऱ्याने पोटात चोच घातली. ओरडणं थांबलं. काळी डोकी दगडावर वरखाली व्हायला लागली, आणि मग त्यातल्या एकाने, चोच पुसल्यासारखं करत, भाताचं एक शीत उचललं.

"जेवतात," खिडकीतून आवाज आला. समाधानाचा.

आत गेल्यावर तिने आधी म्हातारीच्या ओठावरचं रक्त ओल्या फडक्याने टिपलं, उशीवरचा दात उचलून खिडकीच्या चौकटीवर ठेवला. ताट मांडीवर घेतलं. भात बोटांनी पार मऊ केला.

"अम्मा. काक्का जेवले."

तोंड उघडलं. इतकं सोपं. घास गेला, हिरड्यांनी घोळवला, गिळला. दुसरा गेला. तिसऱ्या घासाला म्हातारीने डोळे वर केले आणि तिच्याकडे बघितलं, आणि त्या धुकट डोळ्यांत कुठून तरी, किती तरी खालून, ओळख वर आली. "भाकरखाऊ," ती म्हणाली, आणि तोंडातला रक्तमिश्रित भात अलकनंदाच्या तोंडावर थुंकली.

डावा हात वर गेला. अलकनंदाने उचलला नव्हता, तो गेला. बोटं पसरलेली होती, खांदा पडायला आला होता. म्हातारीने तो बघितला. तिने डोळे गच्च मिटले, मान खांद्यांत ओढली, आणि आ केला. मोठा आ केला, टाळूपर्यंत. भूक नव्हती त्या तोंडात. हात वर गेला की तोंड उघडायचं, एवढं ती या दिवसांत शिकली होती, आणि शेवटचं शिकलेलं होतं म्हणून ते तिच्या ध्यानात राहिलं होतं. फाटलेला ओठ ताणून पुन्हा रक्त यायला लागलं. उजव्या हातात घास तयार होता. हात तसाच वर ठेवायचा आणि घास भरवायचा, की ताट संपेल, उद्याचं ताटही संपेल, नळी टळेल, कुणाला मारावंही लागणार नाही. नुसता हात वर ठेवायचा.

तिने डावा हात खाली आणला, आपल्याच मांडीखाली घातला आणि त्याच्यावर अंगाचा सगळा भार देऊन बसली. ते उघडं तोंड हळूहळू मिटत गेलं. म्हातारीने एक डोळा किलकिला करून बघितलं, हात कुठं गेला ते. ओठ घट्ट लागले.

"मी बसलेय, अम्मा," अलकनंदा म्हणाली. गालावरचा भात तिने पुसला नाही. पुसायला हात मोकळा नव्हता. घास तिने ओठांसमोर, थोडा लांब, धरून ठेवला. तो गार होत गेला. मांडीखालचा हात आधी दुखला, मग मुंग्या आल्या, मग तो तिचा आहे असं वाटेनासं झालं. तरी तिने तो काढला नाही.